पम्या, तू कुणाकडे बघत होतास?

पम्या,

गेली अठरा वर्षं मी लालबागला फ्लेक्स छापतोय. वाढदिवस, दहीहंडी, दुकानाचं उद्घाटन, नेत्यांना शुभेच्छा आणि गेलेली माणसं. गेलेल्या माणसाचा फोटो आला की मी आधी त्याच्या मागचं काय काय कापायचं ते बघतो. लग्नाचा मांडव, हॉटेलातलं टेबल, कुणाची तरी अर्धी साडी. ते काढून टाकलं की मागे निळं आभाळ टाकायचं. दहा मिनिटांचं काम. तुझ्या फोटोला माझी अख्खी दुपार गेली.

स्वाती वहिनीच्या भावाने पेन ड्राइव्ह आणून दिला. त्यात तुझे युनिफॉर्ममधले सहा फोटो होते आणि एकातही तू नव्हतास. टोपी चढवली की तुझा चेहरा सरकारी व्हायचा, हे मी तुला पूर्वीही सांगितलंय. मला गॅलरीत बनियनवर उभा राहून भजी खाता खाता "हे तेल कितव्यांदा तळलं असेल रे?" असं विचारणारा पम्या हवा होता. तसा फोटो माझ्या जुन्या फोनमध्ये होता. पण तो लावता येत नाही. हवालदाराच्या आदरांजलीला बनियन चालत नाही.

'आदरांजली' हा शब्दही तुझ्या आईमुळे आला. मी सवयीने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप केलं होतं. मावशी स्वतः दुकानात आली होती. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "सुहास, आमच्या बौद्धांत श्रद्धांजली नाही लिहीत. आदरांजली लिही. आणि खाली पुण्यानुमोदनाची तारीख." चाळीस वर्षं तुमच्या शेजारी राहून एवढंही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. मग वहिनीचा भाऊ म्हणाला, वर लाल अक्षरात 'शहीद' पाहिजे. मावशीने मला विचारलं, "ते लिहिलं की त्याचं नाव बारीक होईल का?"

"थोडं होईल, मावशी. जागा तेवढीच आहे."

"मग ते बारीक लिही. नाव मोठं ठेव."

तसंच केलं. दोघंही माझ्यासमोर पाऊण तास बसले होते. पण सुहास, तू दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हतास, मग आज कसा काय, असं दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला काय उत्तर देता आलं असतं, ते आज पंधरा दिवसांनीही मला ठाऊक नाही.

पेपरात चार ओळी आल्या. परळला ड्युटीवर असताना टेम्पोच्या धडकेत वाहतूक हवालदाराचा मृत्यू, चालक फरार. त्या चार ओळींनी माझं भागलं नाही. मला पहिल्यापासून पडलेला प्रश्न अगदी साधा होता. टेम्पो तुला दिसला कसा नाही?

कारण गाड्या तुला दिसायच्या. माझ्या ओळखीत तुझ्याइतक्या दुसऱ्या कुणाला दिसत नसतील. लहानपणी घोडपदेवच्या आपल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, तुमची आणि आमची खोली यात दोन दारं होती. बाकीची मुलं खाली क्रिकेट खेळायची आणि तू कठड्याला पोट लावून रस्ता बघत बसायचास. "आता तो ट्रक वळणार बघ." आणि तो वळायचा. मला वाटायचं तुला जादू येते. पुढे पोलिसात गेलास, वाहतुकीला आलास, तेव्हा एकदा भारतमाताच्या नाक्यावर चहा पिताना तू मला ते उलगडून सांगितलंस. "ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचं नाही, सुह्या. इंडिकेटरकडे तर अजिबात नाही. पुढचं चाक बघायचं. माणूस खोटं बोलतो, चाक नाही बोलत."

भरतीला आपण दोघं बरोबर गेलो होतो. सहा महिने सकाळी कॉटन ग्रीनच्या बाजूला पळायचो. पळण्यात मी तुझ्यापुढे होतो, हे तू मरेपर्यंत मान्य केलं नाहीस. मी अडकलो छातीवर. टेप लावून साहेब म्हणाले, फुगव. मी फुगवली. ते म्हणाले, फुगव ना. म्हटलं, साहेब, हीच फुगवलेली आहे. रांगेत माझ्यामागे तू होतास आणि तुला हसू आवरेना. हसता हसता तुझी छाती मोजायची वेळ आली, तरी तुझी भरली. तू पोलीस झालास आणि मी फ्लेक्सवाला. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. उलट माझा दोस्त खात्यात आहे, हे मी नको तिथेही सांगायचो.

म्हणूनच त्या संध्याकाळी मी सरळ तुझ्याकडे आलो.

मला आठवतंय ते तुलाही तसंच आठवत होतं का, कुणास ठाऊक. माझ्याकडून सांगतो. साडेसात वाजले असतील. माझा धाकटा भाऊ नितीन बाइक खाली लावून वर आला. चेहरा पांढरा. चिंचपोकळीच्या सिग्नलला एका म्हातारीला धक्का लागला होता आणि हा थांबला नव्हता. "अचानक आडवी आली, दादा. मला दिसलीच नाही." आईने त्याला पाणी दिलं आणि देवापाशी दिवा लावायला बसली. मी दोन दारं ओलांडून तुझ्याकडे आलो. तू नुकताच ड्युटीवरून येऊन हातपाय धूत होतास.

मी म्हणालो, "पम्या, जरा सांभाळून घे. बाई बरी आहे का तेवढं बघ. बाइक मी सकाळी गावाला पाठवतो."

तू टॉवेल खांद्यावर टाकलास. "नितीन कुठेय?"

तू त्याला गॅलरीच्या टोकाला नेलंस. दहा मिनिटं काहीतरी बोललात. मग चपला घातल्यास आणि त्याला घेऊन जिना उतरलास. मला वाटलं, याला डॉक्टरकडे नेतोयस. दीड तासाने तुझा फोन आला. "चौकीत ये. जामिनाचं बघावं लागेल."

चौकीच्या बाहेर मी तुला काय काय बोललो, ते इथे लिहीत नाही. एक वाक्य लिहितो, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी विचारलं, "तू माझा दोस्त आहेस की पोलीस?" तू म्हणालास, "आत्ता नको विचारूस, सुह्या." मला वाटलं, तुझ्याकडे उत्तर नाही.

नितीनवर केस झाली. दुबईला लिफ्ट कंपनीत त्याचं काम ठरलं होतं, ते पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये अडकलं आणि गेलं. दुसऱ्या दिवशी तू आमच्या दारात आलास तेव्हा आई उंबऱ्यातच उभी राहिली. "माझ्या झिलाक धरून नेलंस तू. परत ह्या दारात येव नको." लहानपणी तुला मांडीवर बसवून घावणे भरवणारी बाई. तू मान खाली घातलीस आणि गेलास. नितीन आत खाटेवर बसला होता. तो काहीच बोलला नाही. तेव्हा मला वाटलं, बिचारा घाबरलाय.

मग दोन वर्षं. एकाच मजल्यावर राहून न बोलणं हे मोठं कष्टाचं काम असतं, पम्या. तुझ्या दाराचा आवाज आला की मी दोन मिनिटं थांबून बाहेर पडायचो. तूही तसंच करत असशील, कारण आपण जिन्यात फारसे भेटलोच नाही. आपलं बोलणं झालं ते एकदाच. मी स्कूटरवरून परळला चाललो होतो आणि सिग्नल लाल झाला. पहिल्या रांगेत मी आणि माझ्यापासून चार हातांवर तू. शिट्टी तोंडात. मी समोरच्या इमारतीकडे बघत राहिलो. त्या इमारतीचे मजले दोनदा मोजले. तू जवळ आलास, शिट्टी काढलीस आणि म्हणालास, "हेल्मेटचा पट्टा लाव."

मी लावला. सिग्नल सुटला. दोन वर्षांत तू मला बोललेले तेवढेच शब्द.

तू गेलास तो मंगळवार होता, दुपारचे तीन. शुक्रवारी मी त्या नाक्यावर गेलो. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला सांगूनही गेलो नाही. बघायचं होतं. तुझ्या जागी दुसरे एक हवालदार होते आणि त्यांच्यासोबत कदम म्हणून एक शिपाई बाई. तिशीच्या असतील. मी म्हणालो, मी प्रमोदचा मित्र. त्या म्हणाल्या, "सुहास का? फ्लेक्सवाले?"

तू माझ्याबद्दल त्यांना सांगितलं होतंस. काय सांगितलं होतंस ते विचारायचा मला धीर झाला नाही.

माझा प्रश्न मी विचारला. टेम्पो त्याला दिसला कसा नाही? चाकावरून ओळखायचा तो.

कदम बाईंनी मला फुटपाथच्या कडेला नेऊन उभं केलं आणि हात करून दाखवलं. "मी इथे. साहेब तिथे, पट्ट्यांवर. हॉस्पिटलकडून माणसं ओलांडत होती. बाहेरगावचीच बहुतेक, एक्सरेच्या पिशव्या घेऊन. सिग्नल त्यांचाच होता. टेम्पो उतारावरून आला. साहेबांनी बघितला."

"बघितला?"

"एकदा बघितला. मला स्पष्ट दिसलं. मान वळवून बघितला, शिट्टी मारली, आणि मग पाठ केली त्याच्याकडे."

"पाठ?"

"माणसांकडे तोंड केलं. दोन्ही हात असे पसरले आणि सगळ्यांना मागे लोटलं. एक नवराबायको सगळ्यांत पुढे होती. त्यांना ढकलून पाडलंच. त्या बाईचं कोपर फुटलं. तेवढंच लागलं त्यांना." बाईंनी पट्ट्यांकडे बघितलं. "साहेब बाजूला झाले असते, तर वाचले असते. वेळ होता. एक पाऊल."

मी विचारलं, ती नवराबायको कोण होती. कदम बाई म्हणाल्या, साताऱ्याकडची. नवऱ्याच्या तपासणीला आली होती. तो माणूस बराच वेळ चिडून ओरडत होता, मला का ढकललं म्हणून. मग त्याने मागे बघितलं आणि खाली बसला.

म्हणजे तुला चाक दिसलं होतं. तू एकदा बघितलंस, तुला कळलं, आणि मग तू त्याच्याकडे बघायचं बंद केलंस. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि त्यातून दुसरा प्रश्न निघाला. त्या क्षणाला तू माणसांकडे तोंड करून उभा होतास, तेव्हा तुला काय दिसलं? साताऱ्याच्या त्या माणसाचा चेहरा? त्याची पिशवी? मला खरंच जाणून घ्यायचंय. तुला शेवटचं काय दिसलं, हे जगात कुणालाही माहीत नाही, हे मला सहन होत नाही.

टेम्पोवाला शनिवारी सापडला. चार दिवस तो वडाळ्याला मोठ्या भावाच्या घरी लपून होता. बातमी कळली तेव्हा मी दुकानात होतो आणि गिऱ्हाइकासमोर मी त्या मोठ्या भावाला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. टेम्पोवाल्याला नाही, भावाला. चार दिवस माहीत असून गप्प बसला. इकडे एका माणसाला मानवंदना देत होते, बंदुका झडत होत्या, आणि हा घरात भावाला जेवू घालत होता. असली माणसं कुठून येतात, असं मी त्या गिऱ्हाइकाला विचारलं. तो बिचारा बारशाचा बॅनर न्यायला आला होता.

पुढच्या बुधवारी त्याला परत कोर्टात हजर करणार होते. मी दुकान बंद ठेवून गेलो. मला टेम्पोवाल्याचं तोंड बघायचं होतं. बाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने शेजारी एक माणूस येऊन बसला. पन्नाशीचा, शर्ट इस्त्रीचा, हातात कापडी पिशवी आणि त्यात डबा. उकाडा होता. त्याने पाण्याची बाटली उघडली, आधी माझ्यापुढे धरली.

"तुमचं कोण आहे आत?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "मित्र." खोटं नव्हतं ते.

"माझा भाऊ," तो म्हणाला. "धाकटा. टेम्पो चालवायचा. तो परळचा हवालदार गेला ना, त्या केसमध्ये."

पम्या, मी बाटली हातात धरून तसाच बसलो. ज्याला शिव्या घालत आलो होतो, त्याचं पाणी प्यायलो होतो.

तो आपणहून बोलत होता. असं वाटत होतं, चार दिवस गप्प बसल्यामुळे आता त्याला थांबताच येत नव्हतं. "दुपारी घरी आला तेव्हा म्हणाला, दादा, ब्रेक लागला नाही. मी गाडी बघून आलो नंतर. ब्रेक बरा होता. पण मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं त्याने, म्हणून विचारलं नाही. टीव्ही बंद केला. आई म्हणायची, अरे बातम्या लाव. म्हटलं, केबल गेलीय." त्याने डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. "त्या हवालदाराचा फोटो बघितला मी बॅनरवर. माझ्या भावाच्याच वयाचा. माझी चूक झाली हो. पण भाऊ आहे. तुम्ही काय केलं असतं?"

बॅनर माझ्याच मशीनवर छापलेला.

मी त्याला काहीतरी कठोर बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मला तुझ्या दारात उभा असलेला मी दिसलो. बाइक मी सकाळी गावाला पाठवतो, असं म्हणणारा. त्या माणसात आणि माझ्यात काय फरक होता? एवढाच, की माझ्या दोन दारं पलीकडे तू राहत होतास आणि त्याच्या शेजारी तसं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "मलाही भाऊ आहे." तो मान हलवत राहिला. टेम्पोवाल्याला आणलं तेव्हा मी उठून निघून आलो. त्याचं तोंड बघितलंच नाही.

घरी येताना पुलावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. 'विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.' मी तरी नितीनला कधी विचारलं होतं?

गुरुवारी नितीनची दुसरी पाळी होती. सकाळी आई भाजी आणायला गेली आणि तो दाढी करत होता. मी आरशात त्याच्याकडे बघत विचारलं, "त्या दिवशी पम्या तुला घेऊन गेला. वाटेत काय बोलला?"

त्याने रेझर धुतलं. अर्ध्या गालाला साबण तसाच. "आज का विचारतोयस?"

"दोन वर्षं विचारलं नाही म्हणून."

तो मोरीच्या कट्ट्यावर बसला आणि बोलायला लागला. गॅलरीत तू त्याला पहिला प्रश्न विचारलास, "बाई दिसली होती का तुला?" तो नाही म्हणाला. जिन्यात परत विचारलंस. तो नाही म्हणाला. मग नाक्यावरच्या रसवंतीत तू त्याला बसवलंस. रस मागवलास. त्याने अर्धा ग्लास प्यायला आणि तू तिसऱ्यांदा विचारलंस. आवाज न चढवता. "आणि मग मी सांगितलं, दादा. दिसली होती. सिग्नल लाल झाला होता, मला वाटलं निघून जाईन. ती अर्ध्यावर होती. मला दिसली. मी हॉर्न मारला. ब्रेक नाही मारला."

खाली कुणीतरी प्रेशर कुकरच्या रिंगा विकायला आला होता, त्याची हाक ऐकू येत होती.

"पम्यादादा म्हणाला, मग चौकीत असंच सांग. दिसली नाही म्हणून सांगितलंस, तर जन्मभर तेच सांगत बसावं लागेल. मग आधी हॉस्पिटलात नेलं मला. वॉर्डच्या दारातून दाखवली. पायाला प्लास्टर, झोपली होती. तो म्हणाला, आत जा, खाटेवरच्या कागदावरचं नाव वाचून ये. मी वाचलं. इंदिराबाई. तो म्हणाला, लक्षात ठेव. ज्याला आपल्यामुळे लागलं, त्याचं नाव माहीत पाहिजे."

"मग मला का नाही सांगितलं त्याने? मी चौकीबाहेर त्याला काय काय बोललो. आईने दारातून हाकललं. तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

नितीन आता रडत होता, साबणासकट. "मीच सांगणार होतो. त्याने मला विचारलं होतं, घरी कोण सांगणार, तू की मी? मी म्हणालो, मी सांगेन. तो म्हणाला, मग मी नाही सांगत. तुझा शब्द. आणि मी नाही सांगितलं. दुबईचं गेलं, आई रडत होती, तू त्याच्यावर भडकलेला. मला बरं वाटायचं, की राग त्याच्यावर निघतोय. जिन्यात भेटला की तो फक्त माझ्याकडे बघायचा. एकदाही बोलला नाही की सांग."

माझा हात उठला होता, पम्या. खोटं नाही सांगत. सदतीस वर्षांच्या भावावर हात उचलला आणि तो तसाच खाली घेतला.

आणि तेव्हापासून माझं तुझ्याशी भांडण सुरू झालंय, खरंखुरं, आधीच्यापेक्षा मोठं. एका पोराच्या शब्दासाठी तू दोन वर्षं माझ्यासारखा माणूस घालवलास? एकदा तरी सांगायचंस! सिग्नलला पट्टा लाव म्हणालास, त्याऐवजी तेवढ्याच वेळात म्हणायचंस, सुह्या, नित्याला विचार. माझा राग इतका भारी वाटला का तुला? की तुला खात्री होती की नितीन एक दिवस सांगेलच? कशावरून होती? तुझ्याशी दोनदा खोटं बोललेला पोरगा तो. चाकाकडे बघणारा तू, त्याच्यात काय बघितलंस? आणखी किती दिवस थांबला असतास? पाच वर्षं? दहा? मला रागाने नाही विचारायचं, मला खरंच माहीत करून घ्यायचंय. मला वाटतं, तू थांबलाच असतास. आणि ते कळल्यावर मला तुझा एवढा अभिमान वाटतो, की परत राग येतो.

पुण्यानुमोदन रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात झालं. मांडव भरला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या. तुझे साहेब बोलले. कर्तव्यदक्ष, निष्ठावान, खात्याची हानी. चांगले बोलले, पण ते त्या सहा फोटोंतल्या माणसाबद्दल. नगरसेवक बोलले. वहिनी पुढे बसली होती, तिची नजर कुठेच नव्हती. माझी आई खाली आली नव्हती. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून उभी होती. गुरुवारचं मी तिला सांगितलं नव्हतं. मी नितीनला म्हटलं होतं, तुझा शब्द आहे, तूच बघ.

सूत्रसंचालकाने विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत का. आणि माझ्या बाजूचा नितीन उठला.

त्याला माइक धरता येत नव्हता. शिट्टी वाजली, लोकांनी कान झाकले. "मी नितीन," तो म्हणाला. "सगळे ओळखता. प्रमोददादाने मला चौकीत नेलं होतं, तेही सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून आमच्या घरच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरी मी सांगितलं होतं की ती बाई मला दिसली नाही." त्याने माइक दुसऱ्या हातात घेतला. "मला दिसली होती. प्रमोददादाला माहीत होतं. त्याने दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी सांगायची वाट बघत होता. त्या बाईंचं नाव इंदिराबाई. एवढंच."

त्याने माइक खाली ठेवला. मी वर बघितलं. कठड्याशी आई नव्हती.

नितीन परत यायला लागला तेव्हा मावशीने पहिल्या रांगेतून त्याचा हात धरला. मला वाटलं, आता ती बोलणार. तिने बोलायलाच हवं होतं, तिचा हक्क होता. दोन वर्षं तिच्या मुलाला माझ्या आईने वाळीत टाकल्यासारखं वागवलं होतं. पण मावशीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती त्याच्याकडे असं बघत होती, जसं त्याच्या खिशात तिच्या मुलाचं पत्र असावं.

"इथे बस," ती म्हणाली. तिने शेजारची खुर्ची ओढली. "दारातून बाहेर पडलात, तिथपासून सांग. तो पुढे होता की मागे?"

"बाजूला होता, मावशी."

"आणि रसवंतीत? त्याने घेतला का रस?"

"नाही. मला पाजला. तो नको म्हणाला, घसा धरतो."

"धरायचाच," मावशी म्हणाली. "लहानपणापासून. पुढे?"

वहिनीने मान वळवली. तीही ऐकत होती. नितीन सांगत होता, अडखळत, आणि मावशी मध्येच थांबवून विचारत होती. आवाज कसा होता, दमला होता का, हॉस्पिटलात कुठल्या दाराने गेलात. मी मागे उभा होतो. तेवढ्यात जिना उतरून, गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत, आई मांडवात आली. लोकांनी वाट दिली. ती मावशीसमोर उभी राहिली. मावशीने तिच्याकडे बघितलं, मग पिशवी उचलून दुसऱ्या बाजूची खुर्ची मोकळी केली. आई बसली. पदराने तोंड पुसलं, खुर्ची नितीनकडे सरकवली.

"मोठ्यान सांग रे," ती म्हणाली. "माका आयकाक येना नाय."